अंगठा नाडीवर

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

केतकीने तिचं जपानी चित्रपुस्तक दाखवलं. दोन पुरुषांची प्रेमकथा. एक उंच साहेब, दुसरा त्याच्या हाताखालचा नाजूक कारकून. तिला हातांची चित्रं काढायला शिकायचंय, आणि दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता मी ते कुणाच्याही शिकवणीशिवाय शिकलोय. साहेबाने मनगट धरलंय, अंगठा बरोबर नाडीवर. रेषा अचूक. पण कारकून नको म्हणतोय.

"बाबा, यात असंच असतं. मोठ्याने ओढायचं, छोट्याने लाजायचं. मलाही पटत नाही, पण चित्रं भारी आहेत."

पकड दाखवायला मी हिला बोलावलं आणि मनगट धरलं, अंगठा नाडीवर. हिने हात सैल सोडला, नजर खाली केली, उभी राहिली.

केतकी हसली. "आई, पुस्तक न बघता तू अगदी तसंच केलंस."

"झालं? कुकर लावायचाय," ही म्हणाली.

तेव्हापासून मला भीती वाटतेय. ही लाजली नव्हती. मी सोडेपर्यंत थांबायची तिला सवय आहे. कधीपासून? विचारायला हवं. पण हाक मारली तर ती लगेच येईल, आणि तशीच उभी राहील. अंगठ्याखाली तिची नाडी केवढी धावत होती.