दिवेलागणीला रुसणारी डबी

२ नोव्हें. २००९, अंकुशनगर

मालन, काल कुठवर आल्तो ते इसरलीस ना? चष्मा शोधून राह्यलीस, तो कपाळावर हाय. लिही सूनबाई. अक्षर मला येत न्हाई, पण इसरायचं काम तुझ्याकडं.

नात शीतलला जर्मनीत पोरगी झाली. बारसं बावीसला. नाव मी सांगायचं, कॉम्प्युटरमधून. कबूल केलंय. पण इंटरनेटची डबी दिवसा बराबर, दिवेलागणीला बंद. आन् शीतलला सवड त्याच वक्ताला.

७ नोव्हें.

लेकानं, दत्तानं, कॉम्प्युटरची वायर काढली, फुंकली, लावली. म्हणलं, "चहा गार करतो का रं?" शीतलचं कपाळ आलं, पणतीचं टोपडं आलं. गेलं. तोंड राह्यलंच.

१३ नोव्हें.

अंबडहून मेकॅनिक, भर दुपारी. सगळं चालू. "आजी, बिघाडच न्हाई." भाकरी-चटणी खाऊन गेला. बिघाड न्हाई म्हणायला केवढी भूक! सांजच्याला बंद.

तू म्हणतीस, बारसं फोनवर करू. फोनवर तोंड कसं पाहू गं?

१९ नोव्हें.

सापडलं! हसू नको, लिही.

सांज झाली की मी दूध झाकते, पीठ झाकते, तशी सैपाकघरातली ती डबी बी झाकते. आढ्यावरून पाल पडती. मोठं स्टीलचं पातेलं पालथं घालते. आज तुला खिचडीला तेच पातेलं पाह्यजे व्हतं. उचललंस, आन् भाईरच्या खोलीत दत्ता कॉम्प्युटर लावून लावून थकल्ता, तिथून शीतल वरडली, "बाबा, दिसलात!"

दत्ता म्हणे, "आई, स्टीलमधून भाईर यायचं कसं इंटरनेटनं?"

"मंग आधी सांगायचं व्हतंस. पातेल्याची चूक, माझी न्हाई."

आता बांबूची दुरडी घालते. पालीला काय भरवसा.

२२ नोव्हें.

गल्लीतल्या बाया जमल्या. घुगऱ्या वाटल्या. पणती पाह्यली! नाक बिलकुल माझं. कुर्रर्र केलं, नाव सांगितलं... आन् लाइट गेली. नाव तिकडं पोचलं का मधीच आडकलं, शीतलचा फोन आला की कळंल. तवर इथं लिहू नको. आधी पोरीनं ऐकावं.

शीतलचा दीर मंगळवारी तिकडं चाललाय. त्याच्यासंगं डिंकाचे लाडू पाठव, खारीक जास्त घाल. डबा स्टीलचाच घे. त्यातून काही भाईर निघत न्हाई, आता आपल्याला पक्कं ठाऊक हाय.