वायरीशिवाय चालणारं इंजिन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
नवी वही. आधी माझ्या हातचं काय काय आहे ते लिहून ठेवतो. व्हॉल्व्ह गाइड तपासायचे गेज, सत्तेचाळीस. एकही परत आलेला नाही. भोसरीच्या शेडमधली प्रेस, भंगारातून उभी केलेली. घरची शेगडी, जी गळत नाही. आणि जुन्या व्हॅनचं इंजिन, शंभर टक्के इथेनॉलवर चालणारं. डिप्लोमा नाही, क्लास नाही. यूट्यूब बघतो ते लोकांच्या चुका मोजायला.
प्राजक्ताला करून दिलेला, बॅटरी जागेवर घट्ट धरणारा क्लॅम्प यादीत धरत नाही. एका रविवारचं काम, पोरीच्या हट्टाखातर.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गिऱ्हाईक कंपनीचा मेल. जानेवारीपासून इंजिनाच्या व्हॉल्व्ह गाइडची ऑर्डर शून्य, ते इलेक्ट्रिक गाड्यांवर जाताहेत. शेडचं सगळं काम त्यांच्याकडूनच येत होतं. जाऊ देत. मायक्रॉन न कळणारी माणसं.
भीमराज पंधरा वर्षं माझ्या लेथवर आहे. म्हणाला, "शेठ, मग जानेवारीत आमी तिघांनी काय करायचं?" त्याला भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवला. ब्राझील, ऊस, इथेनॉल. जपान, हायड्रोजन. चीन, बॅटरी. वीस मिनिटं समजावलं.
"सगळं पटलं शेठ. यात भोसरी कुठंय?"
अशांना दूरचं दिसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
इंजिनांच्या जागतिक बाजारावरचा रिपोर्ट वाचला. एकशे चाळीस पानं. लिहिणाऱ्याने आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही. प्रत्येक पानावर 'अपेक्षित आहे'. पान ३७ वरच्या गोल तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज केली. एकशे एक. तिथेच मिटला.
म्हणे लोकांना बॅटरी हवी. तासन्तास वायर लावून ठेवायची, ती गाडी की मिक्सर?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पहाटेच्या गारठ्यात व्हॅन चालू होत नाही. हा माझा दोष नाही, इथेनॉलचा स्वभाव आहे; थंडीत त्याची वाफ होत नाही. उपाय तासाभरात काढला. इंधनाच्या नळीभोवती पाण्याचा डबा, डब्यात बायकोचा, विजयश्रीचा, अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड. आठ मिनिटं तापवायचं, मग स्टार्टर.
प्राजक्ता म्हणाली, "बाबा, म्हणजे तुमच्याही गाडीला वायर लागलीच की."
ती वायर वेगळी. ही फक्त सुरुवातीला लागते. मग म्हणाली, बॅटरीवरचा छोटा हीटर मिळतो, तो लावा. बॅटरी हा शब्द शेडमध्ये काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मोठी बातमी. प्राजक्ताच्या चाकणच्या कंपनीतले नव्या प्रकल्पांचे साहेब इंजिन बघायला येणार. नाव समर्थ. वय बत्तीस. ही कंपनी इंजिनंही करते आणि बॅटऱ्याही, म्हणजे निम्मी शहाणी. पसंत पडलं तर गाडी इथेनॉलवर चालवायच्या दोनशे किटची ऑर्डर. मग तिघांची काळजी मिटली, माझीही.
दिवस मीच ठरवला. गुरुवार, २७, सकाळी सात. एमआयडीसीला सुट्टी, शांतता, इंजिन थंडगार. खरी परीक्षा.
भीमराज म्हणाला, "शेठ, गुरुवार हाय. बुधवारी घ्या ना."
सुट्टी बुडते म्हणून तोंड वाकडं. म्हटलं, मोठ्या कामाला वीकली ऑफ नसतो. तो पुढे काहीतरी सांगू लागला, मी हात वर केला.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहाटे शेडमध्ये चाचण्या. सहापैकी सहा यशस्वी. विजयश्रीने विचारलं, "अहो, माझा रॉड कधी मिळायचा?" सांगितलं, सत्तावीस तारखेनंतर. तोवर गार पाण्याने अंघोळ म्हणजे जगाच्या इंधन प्रश्नाला तिचा हातभार. ती स्वयंपाकघरात गेली. भांडी बोलली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ६.५०. तापमान अकरा. सगळे हजर. वायर जोडली.
६.५८. समर्थ आला. इलेक्ट्रिक गाडीतून. आवाज न करता येतात ही माणसं.
७.००. रॉडचं बटण दाबणार, तोच लाइट गेली.

दुपारी २.
एमआयडीसीत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. एकवीस वर्षं इथे आहे, मला माहीत नाही असं नाही. मी ते विचारात घेतलं नव्हतं. भीमराज म्हणाला, "तेच सांगत होतो, शेठ." सांगण्याची पद्धत असते.
स्टार्टर अकरा वेळा मारला. बाराव्यांदा समर्थनेच थांबवलं. "काका, माझ्या गाडीत प्लग पॉइंट आहे. रॉड चालेल त्याच्यावर."
त्याच्या बॅटरीतून वायर निघाली आणि माझ्या इंजिनापर्यंत आली. आठ मिनिटं मी नकाशाकडे बघत उभा होतो.
इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. बावीस मिनिटं चाललं. वर उभं ठेवलेलं पाच रुपयांचं नाणं हललं नाही. समर्थ म्हणाला, "छंद छान जोपासलाय, काका."
छंद.
मग फळीवर त्याला प्राजक्ताच्या क्लॅम्पसोबत केलेला दुसरा नग दिसला. भीमराज त्यात चहाची बिलं अडकवतो. समर्थने तो उलटापालटा करून बघितला, ओढला, आपटला. म्हणाला, आमचे बाहेरून येणारे आठवड्यात ढिले पडतात, हा कोणी केला? प्राजक्ताने माझ्याकडे बोट केलं. त्याने तिथेच ऑफर दिली.
मी म्हटलं, या शेडमध्ये बॅटरीचं काम होत नाही.
भीमराज पत्र्याकडे बघत बसला. प्राजक्ता हळूच म्हणाली, "बाबा, तीन घरं आहेत." समर्थ म्हणाला, सोमवारपर्यंत कळवा.
कळवायचं काही नाही. नकार म्हणजे नकार. मात्र क्लॅम्पचं ड्रॉइंग काढून बघितलं. डाव्या कोपऱ्यात दोन दशांश मिलिमीटर जास्त आहे, ते काढलं तर पकड आणखी सुधारेल. नवीन ड्रॉइंग करून ठेवलं. चूक दिसली की राहवत नाही, एवढंच. भीमराजने विचारलं, स्टील किती लागेल? त्याला बसल्या बसल्या हिशेब करून दिला. ज्ञान म्हणून.
रॉड विजयश्रीला परत केला. फोन जवळ ठेवला आहे, चार्जिंगला लावून.
नोंद असावी म्हणून, नाकारलेली ऑफर: बॅटरीचे क्लॅम्प, चारशे नग, नगाला दोन हजार आठशे पन्नास. एकूण अकरा लाख चाळीस हजार रुपये.