काट्यावरचा संगणक

मंगळवार संध्याकाळ, अकोट

कापसाच्या जिनिंगमधले संगणक मी बघते; वजनकाट्याच्या संगणकावर अपडेट आजही झाले नाही. सीझन सुरू झाला की ते बंदच करून ठेवतात. मागे ऐन वजनाच्या वेळी तो आपोआप रीस्टार्ट झाला आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या.

पण हे अपडेट ज्या त्रुटीसाठी आले आहे, ती साधी नाही. वेबपानातली स्क्रिप्ट चालवताना संगणक मोकळी केलेली मेमरी चुकून अजून आपलीच समजून वापरतो. त्या जागी कोणी आपला कोड ठेवला, तर तोच चालतो. नुसते पान उघडायचा अवकाश. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्याच संगणकात आहेत.

मॅनेजरकाकांकडे अपडेटसाठी अर्धा तास मागितला.

"सीझनमंदी काटा बंद? तुले गाड्या दिसून नाई राहिल्या का?"

"काटा राहू द्या. इंटरनेट तेवढे काढते."

"मंग भाव कायच्यावर पाहू? तुह्या तोंडावर?"

काट्यावरचे सगळे हसले. मी जास्त ताठ बोलले का? असेन. मोकळी केलेली जागा, एवढेच डोक्यात होते.

काका जेवायला गेले तेव्हा इंटरनेटची केबल काढून पिशवीत टाकली. न विचारता.

आत्ता त्यांचा फोन आला. रागावतील वाटले, पण आवाज दबका होता.

"पोरी, कापसाच्या भावाची एक लिंक आली होती. म्या काट्यावरच्या संगणकावर उघडली, तं काळी खिडकी आली अन् गेली. त्यानं काई होते काय?"

"कधी उघडली, काका?"

"परवा."

केबल मी आज काढली.