सहा सेंटांची अणुभट्टी

१७ जानेवारी

प्रूइट पुन्हा आला. कंपनीचा माणूस. बुटांना बर्फाचा डागसुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी म्हणाला होता, वीज युनिटला सहा सेंटांनी पडेल. मग साडेसात झाले. आज जवळजवळ दहा! आवाजातली साय मात्र तशीच. "बाईसाहेब, पोलाद महागलं, व्याज वाढलं. पण भट्टी तीच आहे."

कुठे आहे भट्टी? चित्रात. छोटी अणुभट्टी — भाग कारखान्यात बनणार, ट्रकवरून येणार, इथे नुसते जोडायचे. कंपनीने अजून एकही उभी केलेली नाही, आणि आमचं दोन हजार वस्तीचं सेजवेल इतर गावांबरोबर तिच्या खर्चात वाटेकरी होऊन बसलंय.

मी नगरपरिषदेच्या सभेतच विचारलं, "स्वस्त कधी होणार?"

"दहावी-बारावी बांधू तेव्हा, बाईसाहेब."

"आणि आमची कितवी?"

सगळे हसले. तो हसला नाही. "पहिली."

थेनने मला बाहेर गाडीपाशी गाठलं. नगराध्यक्ष तो, आणि माझा दीरही. "आर्डिथ, पाहुण्याला असं सोलतात का?" म्हटलं, पाहुणा कसला, त्याला इथे यायचा पगार मिळतो.

१८ जानेवारी

कोल्बी जेवायला आला. तो कामाला आहे तो कोळशाचा वीजप्लांट पुढच्या वर्षी बंद होतोय. वडिलांनी तिथेच जन्म काढला, हा सात वर्षं काढतोय. भट्टी त्याच जागेवर यायची आहे, आणि प्रशिक्षणासाठी त्याचं नाव कंपनीकडे लागलेलं आहे. म्हणाला, "तुला सेंटांचं पडलंय, आई. मला इथे राहायचंय."

मी त्याच्या पानात आणखी बटाटे वाढले. दुसरं काय करणार होते?

भट्टी वाईट आहे असं मी म्हणतच नाही. धूर नाही, राख नाही, वारा पडो की सूर्य मावळो, वीज चालू. सहा सेंटांना दिली असती तर फीत मीच कापली असती. पण ज्या माणसाचा भाव दर वर्षी बदलतो त्याच्याकडून मी शिळा पावही घेत नाही.

२९ जानेवारी

चर्चच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या ओरिल्लाबाईंबरोबर भांडी पुसत होते. त्या सहज म्हणाल्या, "बिल वाढलं तर एकच खोली तापवीन. तशाही दोनच तापवते." तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं.

७ फेब्रुवारी

मतदान. प्रकल्पात राहायचं की बाहेर पडायचं. थेन आणि एक जण आत, दोघे बाहेर. पाचवी मी.

कोल्बी मागच्या रांगेत बसला होता, प्लांटचाच कोट घालून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात वर गेला नसता.

प्रकल्पातून बाहेर पडलो.

थेन माईक बंद करायला विसरला. "स्वतःच्या पोराचं घर मोडलंस." अख्ख्या हॉलने ऐकलं.

१२ फेब्रुवारी

कोल्बी आला नाही. रविवार असून.

२६ एप्रिल

आमच्यामागून आणखी चार गावं बाहेर पडली. प्रकल्प अडकला. प्रूइटचा फोन — या वेळी बाईसाहेब नाही, काही नाही. "मिसेस बिंगहॅम, सुरुवात तुम्ही केलीत." म्हटलं, सुरुवात तुम्ही केलीत, दहा सेंटांनी. फोन ठेवला. सकाळी ॲपल पाय भाजला होता, तो साजरा करायला घेतला. दोन घास गेले. उरलेला तसाच पडला.

जेवणाच्या हॉटेलात माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. कॉफी मात्र ओतून जातात. वर "अजून घे, वीज स्वस्त आहे ना तुझी!" हेही.

११ जुलै

कोल्बीच्या अंगणात घर विकण्याची पाटी. नेवाडातल्या खाणीत चौकशी करतोय म्हणे. मला हे पोस्टातल्या बाईने सांगितलं. मी गाडी त्याच्या दारासमोर थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, आणि निघून आले.

३ ऑक्टोबर

थेन पोर्चवर आला. आत ये म्हटलं, आला नाही. भट्टी होणार! एक कॉम्प्युटरवाली कंपनी सगळी वीज घेतेय. प्लांटशेजारी खिडक्या नसलेलं गोदाम बांधणार, त्यात नुसती मशीनं.

"काय भावाने?"

"बारा सेंट."

"बारा?"

"घासाघीससुद्धा केली नाही त्यांनी, आर्डिथ. आकडा ऐकला आणि जेवायला कुठे चांगलं मिळतं ते विचारलं."

"आणि गावाला किती वीज?"

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "एक युनिटही नाही."

आम्ही म्हाताऱ्यांच्या खोल्या मोजत बसलो. यांना काही मोजावंच लागत नाही! संताप संताप झाला. दहाला नाही म्हटलं त्याचा पश्चात्ताप नाही. आजही नाहीच म्हणेन. पण भट्टीचा धनी आता दुसराच, आणि आम्ही कुंपणाबाहेरून बघणार.

९ नोव्हेंबर

त्यांना गावाचं पाणी हवंय. भट्टीला आणि त्या मशीनांना थंड ठेवायला. आमच्या वाट्याचं निम्मं, चाळीस वर्षांसाठी. थेनसुद्धा घाबरलाय. मला म्हणाला, "तू सांग त्यांना. तुला जमतं." नऊ महिन्यांत पहिल्यांदा नीट बोलला. पाणी देणार नाही. भाषण डोक्यात तयार आहे.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी कोल्बी आला. दारातच उभा राहिला. "मला घेतायत, आई. पाण्याचं झालं तर." त्याच्या अंगणातली पाटी, म्हणाला, काल काढली.

१४ नोव्हेंबर

मतं पुन्हा दोन-दोन. मी हात वर केला. पाणी दिलं.