सजीवाचं लक्षण

बाळा,

स्वयंपाकघरात जाऊ नकोस, फरशीवर रक्त आहे. माझं नाही. बाबांनी तुझी जीवशास्त्राची वही गॅसवर धरली. मी आडवी आले, तेव्हा पट्टा काढला. नेहमीसारखी नामस्मरण करत उभी राहिले. मग ते म्हणाले, "आता पोरीचा नंबर."

परवा धडा पाठ करताना तू चिडून म्हणाली होतीस, "टोचलं की सजीव प्रतिसाद देतो, आई. तू काय दगड आहेस?"

मी तवा त्यांच्या डोक्यात घातला. शुद्धीवर आहेत, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलंय. मी सगळं सांगायला पोलिसांकडे चाललेय. तू मावशीकडे जा, उद्याचा पेपर चुकवू नकोस.

मुंगीही न मारण्याचा माझा नेम आज मोडला. देवाची क्षमा मागितली आहे. त्यांची मागणार नाही.

आई