हात सोडायचा सराव

प्रिय टिटवे,

तुझी आई म्हणते, फोन करा. पण फोनवर मी दोन वाक्यांत भांडणावर येतो, हे तुला नव्याने सांगायला नको. म्हणून लिहायला बसलोय. इकडे सगळं ठीक आहे. दवाखान्याच्या जुन्या लिफ्टचं काम संपलं. दार आता असं मिटतं की आत झोपलेल्या पेशंटलाही कळू नये.

सध्या मी एक नवीन गोष्ट शिकतोय. हसू नकोस. जागेपणातून थेट स्वप्नात शिरायचं, मध्ये भान सुटू द्यायचं नाही. शरीर झोपतं, आपण जागे राहतो, आणि आत गेल्यावर हे स्वप्न आहे एवढं ठाऊक असतं. ठाऊक असलं की त्यातलं काही आपलं वाकडं करू शकत नाही, असं म्हणतात. मी त्यावरचं मिळेल ते वाचून काढलं, आणि वाचलं की करून बघायचं, ही माझी जुनी खोड. लिफ्टचं काम असंच शिकलो. पोहणंसुद्धा आधी पुस्तकात वाचून शिकलो आणि मग तुला शिकवलं.

रविवारी जेवण झालं की आतल्या खोलीत पडदा ओढून उताणा पडतो. अंग सैल सोडायचं, एवढंच काम. आणि तेच जमत नाही. पायाची बोटं सैल केली की जबडा आवळलेला सापडतो. जबडा सोडावा तर आवंढा गिळायची आठवण होते, आणि एकदा आठवण झाली की गिळल्यावाचून गत्यंतर नाही. मग नाकाच्या शेंड्याला खाज. श्वासाकडे लक्ष दिलं की इतकी वर्षं बिनबोभाट चाललेला श्वासच अडखळतो. परवा तुझी आई दारातून म्हणाली, "अहो, झोपायला निघालात की लिफ्ट दुरुस्त करायला? कपाळावरच्या आठ्या बघा." बोलली ते खरं. सैल पडलोय की नाही, हे तपासल्याशिवाय मला राहवत नाही, आणि तपासलं की मी पुन्हा ताठ.

तरी मधूनमधून उंबरठ्यापर्यंत जातो. हातपाय जड होतात, लांब कुठेतरी मोटर सुरू व्हावी तशी कानात घरघर होते, मिटल्या डोळ्यांपुढे रंग सरकतात. इथे फक्त पडून राहायचं असतं. पण नेमकं इथेच अंथरूण खाली निसटल्यासारखं वाटतं आणि माझा उजवा हात फटकन पलंगाची कड धरतो. छाती धडधडायला लागते, संपलं. लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये एका हाताने काम करायचं, दुसरा लोखंडावरून हलवायचा नाही, ही शिस्त मीच त्या हाताला लावली. आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू की बाबा रे, इथे पडलास तरी चालेल? एकदा तर तुझ्या आईला भाजी निवडायला त्या हातावरच मांडी टाकून बसवलं. हात सुटला, भाजी खोलीभर झाली.

हे खूळ कुठून आलं, ते तू ओळखलंच असशील. तुझ्या आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिलाही झोप नाही. तू झोपायला भितेस, दिवा लावून बसतेस आणि कामावर पेंगतेस. डोळा लागला की तोच शाफ्ट, आणि मी पडतोय, कमरेला सुरक्षेचा पट्टा न बांधलेला. खरं तर त्या दिवशी पट्टा होता. तू माझा घरी विसरलेला चष्मा द्यायला वरच्या मजल्यावर आलीस, ग्रीसवर माझा पाय सरकला, पट्ट्याने धरलं, आणि संध्याकाळी मी तीच गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगितली. तू हसली नव्हतीस. तुझं स्वप्न कळल्यावर मी काय केलं, तर पट्टा, हुक आणि तुळई यांचं चित्र मापांसकट काढून तुला पाठवलं. खाली लिहिलं, असं पडणं शक्य नाही. चित्रात एक रेघ चुकलेली नव्हती. त्यानंतर तुझा फोन नाही. मग म्हटलं, आधी आपण तिथे जाऊन रस्ता बघून यावा, आणि मग पोरीला शिकवावं.

गेल्या रविवारी जमलं. कसं, ते सांगता येणार नाही. बहुधा इतका दमलो होतो की तपासायचंही त्राण नव्हतं. घरघर झाली, खाली गेलो आणि हात उघडाच राहिला. मी शाफ्टमध्ये होतो. हे स्वप्न आहे, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. अंगावर पट्टा नव्हता आणि त्याची भीतीही नव्हती. मग वर पाहिलं. उघड्या दारात तू उभी होतीस. तुझा चेहरा पाहिला, आणि ते ठाऊक असणं काही कामाला आलं नाही. ओरडतच उठलो. त्या खऱ्या दिवशी लोंबकळताना मी हुकाकडे बघत होतो गं, वर पाहिलंच नव्हतं. तेव्हा शिकवायचं राहू दे. मी शनिवारी तुझ्याकडे येतोय, हे कळवायला हे पत्र. तुझं स्वप्न मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, पहिल्यापासून, तुला दिसतं तसं. पट्टा होता, असं मी मध्ये म्हणणार नाही.

तुझाच,
बाबा