मुलुंडच्या उष्णतेच्या लाटेचा ठराव

मुलुंड पूर्व,
बुधवार

चि. अनिरुद्ध यास,

भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, माधुरीचे पित्त आणि तुझ्या साप्ताहिकाचे छपाईयंत्र, तिघांनाही आता उतार पडला असेल असे धरून चालतो (यंत्राची काळजी जास्त, ते तुम्हा दोघांपेक्षा जुने). इकडे आम्ही मजेत. तुझी ताई सकाळी फिरायला जाते आणि मी ज्ञानकोशात असतो.

म्हणजे असे, की इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात मी हल्ली लिहितो. तिथे कोणालाही लिहिता येते आणि दुर्दैवाने कोणालाही खोडता येते. सहा वर्षांपूर्वीच्या मार्चात आमच्याकडे आठवडाभर उष्णतेची लाट आली होती, तिच्यावर मी भरभक्कम लेख लिहिला. रस्त्याचे डांबर चपलेला लागून घरात येत होते, कावळे सावलीच्या जागेवरून भांडत होते, वगैरे सगळे ‘प्रत्यक्ष पाहिले’ म्हणून घातले. चौथ्या दिवशी लेखावर लाल पट्टी आली: हा लेख ठेवावा की वगळावा, चर्चा करा. पट्टी लावणारी अपूर्वा नावाची तिथली संपादक. तिचे म्हणणे, मार्चात मुंबईत उकडणारच, त्यासाठी स्वतंत्र लेख कशाला, उन्हाळ्याच्या लेखात एक ओळ पुरे. (एक ओळ! उद्या मुलुंडच ठाण्यात ढकलतील.)

आता चर्चा करा म्हटल्यावर ती कशी करायची हे मला कोणी शिकवायला नको. सोसायटीत मी अकरा वर्षे कमिटीवर आहे. सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी रीतसर नोटीस लावली. गणसंख्या भरली नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली आणि मग तेवढ्याच माणसांत घेतली, नियमाप्रमाणे. ‘सदर लाट आली होती व ती मोठी होती’ हा ठराव गच्चीच्या गळतीच्या विषयाआधी एकमताने मंजूर झाला. लगेच अठरा सभासद ऑफिसातल्या संगणकापुढे रांगेत उभे राहिले, प्रत्येकाचे खाते मी उघडून दिले आणि प्रत्येकाने लिहिले, ‘वरील ठरावास माझा पाठिंबा आहे.’ मी सूचक, म्हणून माझे मत राखून ठेवले. अठरा विरुद्ध एक. मी पेढे सांगून ठेवले.

दुसऱ्या दिवशी अपूर्वाने निकाल दिला की एकाच संगणकावरून, चाळीस मिनिटांत, तेच वाक्य लिहिणारे हे अठरा जण म्हणजे एकच माणूस आहे. अठराही खाती बंद! पहिल्या मजल्यावरच्या जयंतीबेन तेव्हापासून मला जिन्यात अडवून विचारतात, मी म्हणजे तुम्ही कशी? मी अपूर्वाला खरमरीत लिहिले. तिने शांतपणे उत्तर दिले, “काका, आम्ही मतं मोजत नाही, पुरावा बघतो. त्या वेळी छापलेलं आणि तुम्ही न लिहिलेलं काहीतरी दाखवा. रविवारपर्यंत.” वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे चाळली. सगळीकडे सांताक्रूझचे तापमान, मुलुंडचे नाव नाही. तरी काळजी नसावी, बाजी आपल्याच हातात आहे.

तुझा,
राजाराम

ता. क. : छापील पुरावा जगात एकच आहे आणि तो तुझ्याकडे आहे. त्या आठवड्यात ताईने तुझ्या साप्ताहिकाला वाचकाचे पत्र पाठवले होते. नळाचे पाणी हात भाजेल इतके तापले, तुळस वाळली, शेजारच्या तेजलने रिक्षात घालून दवाखान्यात नेले, सलाइन लावले, हे सगळे त्यात आहे. त्या कात्रणाचा फोटो शनिवारच्या आत पाठव. मात्र शेवटच्या दोन वाक्यांवर अंगठा ठेवून फोटो काढ. ‘यजमानांना फोन केला तर हसून म्हणाले, पंखा पाचवर कर. ते महाबळेश्वरला शाल पांघरून बसले आहेत.’ त्यांचा हवामानाशी संबंध नाही. (वर मी ‘प्रत्यक्ष पाहिले’ म्हटले आहे, ते तू मनावर घेऊ नकोस.)

आणखी ता. क. : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तुझी ताई आली, काय लिहिलेत म्हणाली. वाचून दाखवले. अंगठ्याचेही वाचले. ती म्हणाली, “पुरं कात्रण पाठव म्हणावं त्याला. मी काही अर्धी आजारी पडले नव्हते.” तेव्हा अंगठा नको. ती दोन वाक्ये लेखात मीच टाइप करीन, लेख राहो अथवा जावो. त्या दिवशी मी फोनवर हसलो, त्याची मला लाज वाटते. सहा वर्षांत तिला एक गोष्ट कधी विचारली नव्हती, ती आत्ता विचारली. पंखा पाचवरच होता.